चारशे ऐंशी भागिले चार गुणिले दोन

नीला पेठे यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. तरी फडके रोडवर भाजी घेताना अधूनमधून कुणीतरी दाढीवाला बाप्या कडेवरचं पोर सावरत पाया पडायला वाकायचा आणि म्हणायचा, “बाई, कंचेभागुबेव!” कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गणितात कशानंतर काय करायचं त्याचा हा क्रम बाईंनी तीस वर्षं डोंबिवलीतल्या मुलांच्या डोक्यात बसवला होता. मुलं बाकीचं गणित विसरली, हे एवढं राहिलं. बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तीनच्या सुमाराला दारात एक चौतिसेक वर्षांची बाई उभी राहिली. खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

“बाई, ओळखलंत?”

“केणे. भावना केणे. कोपरची. खिडकीकडून तिसरा बाक.”

एरवी असं ओळखलं की माणसं खूश होतात. भावना हसली नाही. आत येऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि पर्समधून चौकोनी कागद काढून तिने बाईंच्या पुढे सरकवला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: 480/4x2.

“याचं उत्तर किती?”

“दोनशे चाळीस,” बाई म्हणाल्या.

“नक्की?”

“अगं, नक्की काय? चारशे ऐंशी भागिले चार, एकशे वीस. गुणिले दोन, दोनशे चाळीस. सातवीतल्या पोराला विचार.”

भावनाने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, “हे मला लिहून द्याल? तुमच्या सहीनं?”

बाईंनी चहा ठेवला आणि तिला सगळं सांगायला लावलं.

भावना ठाण्याला कोपरीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नऊ वर्षं नर्स होती. जानेवारीत तिथे देवराम नावाचे एक म्हातारे आले. कोपरीतलेच, वय एकाहत्तर. दोन दिवस उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलेलं. सलाइन द्यायलाच हवं होतं, पण हृदय कमजोर, त्यामुळे जपून. सकाळच्या राउंडला डॉक्टर आनंद रणदिवे आले. त्यांना पुढे ऑपरेशन होतं. बाटलीत चारशे ऐंशी मिली उरलं होतं. ते किती वेगाने सोडायचं, ते डॉक्टरांनी केसपेपरवर उभ्या उभ्या लिहिलं आणि ते गेले. लिहिलं होतं ते हेच. 480/4x2.

“त्यांच्या मनात होतं, चार-चार तासांच्या दोन पाळ्या. आठ तासांत बाटली संपवायची. म्हणजे तासाला साठ. मी केलं दोनशे चाळीस. मोबाइलवर पण टाकून बघितलं, बाई. मोबाइल पण दोनशे चाळीसच बोलला.”

“मग?”

“मला वाटलेलं जरा जास्त आहे. हार्टचा पेशंट. मी सरांना फोन केलेला, ते आत गेलेले. ड्यूटीवरचे डॉक्टर बोलले, लिहिलंय ते कर. मी पंप लावला. सव्वाअकराला.” ती थांबली. “साडेबाराला त्यांना दम लागला. मी लगेच पंप बंद केला, बसवलं, ऑक्सिजन लावला. सरांना आतून बोलावून आणलं. पण फुप्फुसात पाणी भरलेलं. श्वासात पाणी वाजत होतं, बाई. नळाला हवा लागते ना, पाणी येण्याआधी? तसं. दीड वाजता गेले.”

नर्सिंग होमने चौकशी समिती नेमली होती. डॉक्टरांचं म्हणणं, कुणीही ती ओळ वाचली तर साठच काढेल. भावनाचं म्हणणं, नियमाने दोनशे चाळीस येतात. वीस दिवसांनी समितीपुढे दोघांची साक्ष होती, आणि गणिताच्या जाणकाराचं पत्र आणलं तर चालेल असं तिला सांगितलं होतं.

“देते की,” बाई म्हणाल्या. “दोन ओळींचं काम आहे. परवा घेऊन जा.”

उठताना भावना म्हणाली, “मला खरंच शंका आलेली, बाई. पण तुमचं वाक्य होतं ना? ‘शंका आली की नियम लावायचा, मन मध्ये आणायचं नाही.’ तेच आठवलं. म्हणून लावला पंप.”

हे ती तक्रार म्हणून बोलली नव्हती. बाईंचा आधार वाटला, एवढंच तिला सांगायचं होतं. पण दार लावून वळल्यावर बाई तिथेच चपलांच्या कपाटाला धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पत्र लिहायला बसल्या. नाव, हुद्दा, अनुभवाची वर्षं. मग ती ओळ लिहिली आणि बरोबरचं चिन्ह काढलं. तेवढ्यात मोरीतला नळ वाजला. पाणी यायच्या आधी हवा सुटते तसा, खरखर, गुळगुळ, मध्येच एक लांब ओढ आणि पुन्हा खरखर. त्या उठून गेल्या. नळ बंद होता. मोरी कोरडी होती. पाणी यायला अजून दोन तास होते.

त्या परत येऊन बसल्या. पेन उचललं. आवाज पुन्हा आला. ह्या वेळी मोरीतून नाही, टेबलाच्या पलीकडून. काल भावना जिथे बसली होती त्या खुर्चीच्या बाजूने.

बाई घाबरट नव्हत्या. त्यांनी प्लंबर बोलावला. त्याने तिन्ही नळ उघडून, वॉशर बदलून पाहिले आणि म्हणाला, “काकू, काही नाही याच्यात. वरच्या मजल्याचा असेल.” वरच्या मजल्यावरचे लोक महिनाभर गावी गेले होते. बाईंनी ती खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली. दुसऱ्या दुपारी आवाज आला तो रिकाम्या जागेतून, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तितक्याच उंचीवरून.

त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, घरातच असायचे. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. पण त्यांना कमी ऐकू यायचं आणि दुपारी ते कानातलं यंत्र काढून ठेवायचे. “कसला आवाज?” ते म्हणाले. “मला तर पंखापण ऐकू येत नाही.”

भावना दोनदा पत्र न्यायला आली. दोन्ही वेळा बाईंनी काहीतरी सबब सांगितली. पत्राचे चार कागद फाडून झाले होते. चारही कागद बरोबरच्या चिन्हाशी थांबलेले.

पाचव्या कागदावर अण्णांची नजर पडली ती सकाळी, चहा पिताना. “हे काय? साठ लिहायचे राहिलेत तुझे.”

“काय म्हणालात?”

“चारशे ऐंशी बटा चार गुणिले दोन. साठ ना?”

“दोनशे चाळीस,” बाई म्हणाल्या. “आधी भागाकार.”

“अगं, तिरप्या रेघेखालचं सगळं खाली. आम्ही आयुष्यभर असंच लिहिलं. चार दुणे आठ, आठाने भागा. नाहीतर तो दोन वर नसता का घेतला?” मग बायकोचा चेहरा पाहून ते म्हणाले, “तुझ्या पुस्तकात वेगळं असेल बुवा.”

चव्वेचाळीस वर्षं दोघं एका घरात राहिली होती, आणि ही एक ओळ दोघं वेगवेगळी वाचत होती. कधी ती ओळ दोघांच्या मध्ये आलीच नव्हती, म्हणून कळलं नव्हतं. अण्णांनी ड्रॉइंग ऑफिसात असं लिहिलं तेव्हा वाचणारेही त्यांच्यासारखेच होते. बाईंच्या वर्गात वाचणारे बाईंनीच घडवले होते. डॉक्टर आणि भावना दोन वेगळ्या घरांतून आले होते आणि त्या दोघांच्या मध्ये एक म्हातारा माणूस झोपला होता.

त्या दिवशी दुपारी बाईंना ते आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं असं नाही; त्या तिकडे बघत नव्हत्या.

सातवी ब. ‘चे’ शिकवण्याचा दिवस. फळ्यावर दोन उदाहरणं होती. आठ भागिले चार गुणिले दोन, उत्तर चार. आठ भागिले चार चे दोन, उत्तर एक. खिडकीकडून तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “बाई, चार चे दोन म्हणजे चार गुणिले दोनच ना? मग उत्तर वेगळं कसं?”

“‘चे’ आधी सोडवायचं. नियम आहे.”

“पण बाई, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कसं कळणार?”

वर्ग हसला होता. बाईंना वाटलं मुलगी उलट बोलतेय. खरं कारण वेगळं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर बाईंकडे नव्हतं. त्या मुलीला त्यांनी उभं ठेवलं आणि वहीत पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं: शंका आली की नियम लावायचा, मन मध्ये आणायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिने वही आणून दाखवली. सुंदर अक्षरात, पन्नास ओळी, एकही चूक नाही. बाईंनी खाली ‘छान’ असं लिहून सही केली होती.

त्यानंतर त्यांनी पत्र लिहिलं नाही. भावनाला फोन करून सांगितलं, “मी स्वतः येते समितीपुढे. पत्रापेक्षा ते बरं.” भावना फोनवर रडली. “बाई, तुम्ही येताय म्हणजे माझी नोकरी वाचली.”

बाईंनी तारीख-वेळ विचारून घेतली आणि फोन ठेवला. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं.

समिती ठाण्याला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका वकिलाच्या ऑफिसात बसली होती. टेबलामागे तीन माणसं. मधले एक निवृत्त सर्जन, तेच अध्यक्ष. शेजारी नर्सिंग होमचा वकील आणि साक्ष लिहून घेणारा. एका बाजूला डॉक्टर रणदिवे. बाईंनी मनात एक मग्रूर डॉक्टर उभा केला होता. समोर पन्नाशीचा थकलेला माणूस होता आणि तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. 

“मी बावीस वर्षं असंच लिहितो,” ते म्हणाले. “आजपर्यंत कुणाची चूक झाली नाही.”

अध्यक्षांनी बाईंना काही विचारायचंय का म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही कंस का नाही केलात? चार गुणिले दोनला?”

डॉक्टर म्हणाले, “मला तो दिसत होता, मॅडम. आजही तो कागद बघितला की मला कंस दिसतो. तिथे नाहीये, हे मला समितीने दाखवलं तेव्हा कळलं.”

मग बाईंची पाळी आली. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, आम्हाला लेक्चर नको. ह्या ओळीचं उत्तर दोनशे चाळीस आहे, हो की नाही?”

भावना त्यांच्याकडे बघत होती. कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता आणि त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीतून तो आवाज सुरू झाला. खरखर, गुळगुळ, लांब ओढ. बाईंनी इतरांकडे पाहिलं. लिहून घेणारा लिहीत होता, वकील मोबाइल बघत होता. आवाज वाढत गेला. कुणाला तरी श्वास हवा होता आणि तो मिळत नव्हता, आणि खोलीतली सात माणसं हो की नाही याची वाट बघत होती.

“मी शिकवलेल्या नियमाने दोनशे चाळीस,” बाई म्हणाल्या. “माझे यजमान तीच ओळ वाचून साठ म्हणतात, आणि ते मूर्ख नाहीत. ही ओळच अर्धी आहे. लिहिणाऱ्याला कंस घालता आला असता. नुसता साठचा आकडा लिहिला असता तरी चाललं असतं. वाचणाऱ्याला विचारून घेता आलं असतं. तिला शंका आली होती. तिने फोन केला होता. कुणी नीट उत्तर दिलं नाही, तेव्हा तिने पंप लावायला नको होता.”

भावनाचा चेहरा पांढरा पडला.

“आणि तो तिने का लावला तेही लिहून घ्या,” बाई म्हणाल्या. “बारा वर्षांची असताना तिने मला हाच प्रश्न विचारला होता. लिहिणाऱ्याच्या मनातलं कसं कळणार म्हणून. मी तिला उभं ठेवलं. शंका आली तरी विचारायचं नाही, हे मी तिला शिकवलं. पन्नास वेळा लिहून घेतलं.”

“हे रेकॉर्डवर घ्यायची गरज नाही,” वकील म्हणाला. लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

बाहेर जिन्यात भावनाने त्यांना गाठलं. ती ओरडली नाही. “बाई, एक आकडा बोलायचा होता तुम्हाला. एकच. तो खराही होता.”

“भावना, अगं...”

“तुमचं मन हलकं झालं ना? बास मग,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. डॉक्टरांना लेखी ताकीद. ह्यापुढे केसपेपरवर आकडेमोड लिहायची नाही, फक्त उत्तर लिहायचं, असा आदेश. आणि भावनाला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. ताकदीचा माणूस नुसत्या शब्दांवर सुटतो आणि लहान माणसाची नोकरी जाते, हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं होतं, निदान खरं सांगितल्यावर तो आवाज तरी थांबेल. तो थांबला नाही. आता तो सकाळीही यायचा, पूजेची भांडी घासताना, कुकरची शिट्टी पडून गेल्यावर. आवाज आला असं सांगायला घरात कुणी नव्हतं. अण्णांनी ऐकण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. यंत्र कानात घालून दोन दुपारी ते त्या रिकाम्या जागेसमोर बसले होते. शेवटी म्हणाले, “नीला, आपण त्या लोकांच्या घरी जाऊन येऊ या का?”

बाई एकट्याच गेल्या.

देवरामचं घर कोपरीत, त्यांच्याच जमिनीवर उठलेल्या सहा मजली इमारतीत तळमजल्यावर होतं. देवरामची बायको रंगूबाई दारातच खाली बसून सुकट निवडत होती. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. म्हातारीने त्यांना आत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. इतके दिवस बाईंनी त्या आवाजाला मनातल्या मनात एक सुकलेला, हाडकुळा म्हातारा जोडला होता. फोटोतला देवराम धिप्पाड होता, मिशा जाड, आणि फोटो काढणाऱ्याने काहीतरी गंमत केल्यासारखा हसत होता. बाईंना मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

“तुमी समितीत बोलल्या त्या मास्तरीन ना?” रंगूबाई म्हणाली. “पोरानं कागद वाचून दावला. साठ न् दोनशे चालीस. मना काय समजतंय त्यातलं? आकड्यान् मानूस परत येतंय काय?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी माफी मागायला आले.”

“तू काय केलंस?”

बाईंनी सांगायला सुरुवात केली, वर्ग, ती मुलगी, पन्नास ओळी. अर्ध्यावर त्यांनाच ते ऐकवेना. रंगूबाईने सगळं ऐकून घेतलं. तिला त्यात फारसं काही सापडलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मी डबा घेऊन निघालेली,” ती म्हणाली. “पेज केलेली. पोचले तवा तोंडावर चादर. मना एकच इचारायचं हाय, बाय. त्याच्या सोबत कोन होता? काय बोलला का तो? ती नर्स होती ना जवल? मी दोनदा गेले तिकरं. तिला बोलूच दिला नाय माझ्याशी. वकील बोलला, केस हाय.” तिने बाईंचा हात धरला. “तिला घेऊन ये. एवरं कर.”

भावनाने फोन उचलला नाही. तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी बाई कोपरला तिच्या घरी गेल्या. तिने दार उघडलं, बाजूला झाली, पण बसा म्हणाली नाही.

“आता अजून काय, बाई?”

“आधी एक सांगते. सातवीत तू विचारलंस ते बरोबर होतं. लिहिणाऱ्याच्या मनातलं कसं कळणार. त्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून मी तुला शिक्षा केली.”

भावनाने कपाळाला आठ्या घातल्या. “हे तुम्ही समितीत पण बोललात. मला नाही आठवत असलं काही विचारलेलं.”

“पन्नास वेळा लिहिलंस तू.”

“वाक्य आठवतं,” भावना म्हणाली. “वाक्य पाठ आहे. बाकी काही नाही आठवत.”

बाई तिथल्या खुर्चीवर न विचारता बसल्या. बावीस वर्षांत मुलीची शंका पार पुसली गेली होती आणि नियम तेवढा राहिला होता. त्यांना हवं होतं तसंच झालं होतं.  मग त्यांनी रंगूबाईचा निरोप सांगितला.

“मी नाही जाणार,” भावना म्हणाली. “काय तोंड घेऊन जाऊ? पंप मी लावला.”

“तिला पंपाचं नाही विचारायचं.”

“मग काय?”

“तो काय बोलला ते.”

भावना खिडकीपाशी गेली. पाठमोरीच म्हणाली, “ते मी कुणालाच नाही सांगितलं. समितीने विचारलंच नाही.”

आवाज त्यानंतर बंद झाला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो कमी झाला. आठवड्यातून एखाद्या दुपारी येतो. आता बाई नळ बघायला उठत नाहीत. हातातलं काम ठेवून तो संपेपर्यंत बसून राहतात, आणि अण्णा काही न विचारता त्यांच्या शेजारी येऊन बसतात. डॉक्टर रणदिवेंनी ते नर्सिंग होम सोडलं असं कुणीतरी सांगितलं. भावनाला पुढे कल्याणला एका डायलिसिस सेंटरमध्ये काम मिळालं. तिथे पहिल्याच आठवड्यात तिने एका डॉक्टरला लिहिलेलं तीनदा विचारलं आणि त्याने तिला सगळ्यांसमोर झापलं, हे तिने बाईंना फोन करून सांगितलं. राग अजून होता तिच्या आवाजात. पण फोन तिने केला होता.

ते सगळं नंतर. त्याआधी, निरोप सांगितल्याच्या आठवड्यात, एका सकाळी दहा वाजता दोघी कोपरीला रंगूबाईच्या दारात उभ्या होत्या. भावना आत गेली आणि जमिनीवरच बसली, म्हातारीच्या समोर. बाई उंबऱ्याशी थांबल्या.

“आजी, मी होते त्यांच्याजवळ,” भावना म्हणाली. “पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी पाठीला उशी लावलेली. हात धरून ठेवलेला.”

“बोलला काय?”

“नीट कळत नव्हतं. दम लागलेला. मला कुणीतरी घरचं समजले ते. दोनदा बोलले.” भावनाने रंगूबाईकडे पाहिलं. “बोलले, भरती आली गो. बांध बघ.”

रंगूबाई एकदम स्थिर झाली. बाईंना वाटलं, आता ही कोसळेल. तिने पदराने तोंड पुसलं.

“आमचं आगर होतं खाडीला,” ती हळूच म्हणाली. “मिठाचं. लगीन झालं तवा आमी रोज जायचो दोघां. उधानाची भरती आली का बांध फुटायचा. मंग सगला मीठ पानी. तो मना हाक मारायचा. भरती आली गो, बांध बघ.” तिने बोटं मोजून पाहिली आणि सोडून दिली. “किती साल झाली ते आगर जाऊन.”

 बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

“मंग तू काय बोललीस त्याला?” रंगूबाईने विचारलं.

भावनाने मान खाली घातली. “मला काही समजलं नाही कसला बांध. मी म्हटलं, बघते. मी बघते, तुम्ही बसा.”

“बरा बोललीस,” म्हातारी म्हणाली. तिने भावनाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. “त्याला वाटला असंल, कोनतरी गेलाय बांधावर.”